घंटा वाजेपर्यंत

ऐक ना प्रज्ञे, आधी फक्त ऐक. मधे 'बापरे' नाही, 'मग गं' नाही, तो मोबाईल उलटा ठेव. शेवटी मी तुला एक विचारणार आहे, तेव्हा बोल.

तर अकरा पोरं माळावर गोल करून बसलीत. डोळे मिटलेले. अनवाणी. जानेवारीतली सकाळ, साडेनऊ वाजलेत, ऊन नुकतं अंगाला बरं वाटायला लागलंय. गवत सगळं पिवळं, माझ्या गुडघ्याएवढं. मीही गोलातच बसलेय, माझ्या मांडीवर छोटी घंटा, देवघरात असते ना तसली. आणि मी एकदम गोड आवाजात म्हणतेय, "आता कान मोठ्ठे करायचे. एक आवाज ऐकू आला की एक बोट मिटायचं."

बार्शीची गोष्ट आहे. मी एकोणीस वर्षांची, बाहेरून बीए करत होते आणि उंबरे मॅडमच्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले होते. बालवाडी म्हणजे काय, बंगल्याचा तळमजला, चार खोल्या, भिंतीवर जिराफ. मागे कच्चा रस्ता, तो ओलांडला की माळ. मॅडम पुण्याला कसल्या तरी शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या त्या माइंडफुलनेस घेऊनच आल्या. मुलांना निसर्गात न्यायचं, मातीवर बसवायचं, मधे सतरंजी नको, पायात चप्पल नको, श्वास बघायचा, आवाज ऐकायचे. पालक तर खूशच झाले. पोरांना तो शब्द येईना, ती म्हणायची 'शांत-शांत'. "ताई, आज शांत-शांत आहे का?" दर बुधवारी.

आणि मी! मला तर वाटायचं, मी जन्मले याच्यासाठीच. पाच-पाच वर्षांची पोरं माझ्या एका शब्दावर दगडासारखी बसायची. आमचा नियम एकच. घंटा वाजेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. घंटा वाजली की उठून धिंगाणा, उड्या, किंचाळा, काय वाटेल ते. त्या धिंगाण्यासाठी तर ती एवढी गप्प बसायची.

हसू नकोस. पुढे ऐक.

आमच्याकडे अनसूयामावशी होत्या. साठीच्या, शाळेची झाडलोट करायच्या, पोरांना शी-शूला न्यायच्या. माळावर जाताना त्या पुढे. हातात बाभळीची काठी. जिथे पोरं बसणार तिथलं गवत त्या आधी बडवून काढायच्या, धपाधप, धपाधप, आणि तोंडाने "हाड, हाड" चालू. धूळ उडायची, टिटव्या ओरडत उठायच्या, पोरं नाक धरून खोकायची. आणि मग मी म्हणायचे, चला, शांत बसू या. कशी बसतील?

त्या बुधवारी मॅडम सोलापूरला गेल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, आज काठी नको."

"का गं?"

"अहो, निसर्गात शिरताना हळू शिरायचं असतं. आपण पाहुणे असतो तिथे."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाव्हणे काय? पोरी, हितं जनावर असतंय. पाव्हणा आला म्हणून ते चहा टाकतंय व्हय?"

"इतक्या दिवसांत एकदा तरी दिसलं का?"

"काठी आपटती म्हणून दिसत न्हाई!"

"मावशी, प्लीज. एक दिवस. बघा तरी पोरं कशी बसतात ते."

त्या पुटपुटत रस्त्याकडे गेल्या, पाण्याची कळशी विसरली म्हणाल्या. काठी घेऊनच गेल्या, रागावल्या होत्या. आणि मी आपली पोरांना घेऊन एका बोरीच्या झुडपाजवळ, गवत विरळ होतं आणि छान ऊन, तिथे गोल करून बसवलं. हे मी आधीच सांगून ठेवते. काठी मी बंद केली, जागाही मीच निवडली. मी, दुसरं कुणी नाही.

पोरं काय सुंदर बसली प्रज्ञे! फोटो काढला मी. मग मीही डोळे मिटले.

"पहिला आवाज?"

कुणी बोलायचं नसतं, पण समर्थ बोलणारच. समर्थ म्हणजे एवढासा, पुढचे दोन दात पडलेले. "ताई, ट्रॅक्टर. एक बोट."

"मनात मोजायचं समर्थ."

"मनातच मोजलं. तुला फक्त सांगितलं."

दोघंतिघं खुदखुदली. परत शांत. पलीकडे कुणीतरी गुरांना हाकत होतं. वारा आला की सगळं गवत एकदम सळसळायचं आणि थांबायचं. मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू.

आणि मग समर्थ म्हणाला, "ताई, कुकर."

"काय?"

"कुकरची शिट्टी होतीय. पण होतच नाहीये. नुसतं सूऽऽऽ चाललंय."

पोरं हसली. "माळावर कुकर कसला रे?" कुणीतरी म्हणालं.

मलाही ऐकू आलं. मी पण आधी मनात म्हटलं, खरंच की, कुकर. वाफ कोंडून कोंडून बाहेर पडते ना, तसं. थांबलं, परत सुरू. आणि मग मला कळलं की आसपास घर नाही. एकही घर नाही.

मी डोळे उघडले.

माझ्या बरोबर समोर आर्वी बसली होती. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, पट्टी होती, म्हणून तिला मी मांडी न घालता पाय लांब करून बसायला सांगितलं होतं. दोन्ही पाय सरळ पुढे. आणि तिच्या डाव्या पायापासून, हे बघ, एवढ्यावर, माझी वीत आणि वर चार बोटं, घोणस होती. वेटोळं घालून. माझ्या मनगटाएवढी जाड. अंगावर ते बदामी डाग, एकापुढे एक, साखळीसारखे. आवळत होती, फुगत होती, आणि तो आवाज. मी काय सर्पमित्र नाही, पण आमच्याकडे शेतात राहणारी माणसं घोणस विसरत नाहीत. माझ्या मामाच्या गावी एक माणूस तिच्याने गेला होता, मी लहानपणी ते अंगण पाहिलं होतं.

मला ओरडायचं होतं. घशापर्यंत आलं होतं, 'पळा!' आणि तिथेच मला दिसलं की 'पळा' म्हटलं तर काय होईल. अकरा पोरं एकदम उठणार. कुणाला काय, कुठे, माहीत नाही. कुणी झुडपाकडे पळणार, कुणी आर्वीवर पडणार. आणि आर्वी पहिली पाय ओढणार, झटकन, घोणशीच्या तोंडासमोरून.

माझ्या मांडीवर घंटा होती प्रज्ञे. ती जर जराशी किणकिणली असती तर सगळीच्या सगळी उडी मारून उठली असती. मी तिचा लोलक चिमटीत धरला. इतका घट्ट की बोटात रुतला.

"ताई," समर्थ म्हणाला, "बघू का कुठंय कुकर?"

"घंटा वाजली का?"

"नाही."

"मग?"

"मग नाही बघायचं."

"शाब्बास. आता आपण सगळे दगड. दगड काय करतो?"

"काहीच नाही करत," पोरं म्हणाली, एका सुरात, हळू.

माझा आवाज येत होता गं. मलाच आश्चर्य वाटत होतं. तोच बुधवारचा गोड आवाज.

तेवढ्यात पलीकडे मावशी दिसल्या. कमरेवर कळशी, हातात काठी. वीसेक पावलांवर आल्या आणि थांबल्या. त्यांनी पाहिलं. कळशी त्यांनी खाली ठेवली ती इतकी हळू, की मला आवाजसुद्धा आला नाही. मग काठी दोन्ही हातांत धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. त्यांनी हाताने खूण केली, उचल, पोरीला मागून उचल. मी परत मान हलवली. मी गोलाच्या या बाजूला, आर्वी त्या बाजूला. मी उठून चालत जाईपर्यंत काय होईल? मावशींनी मारली आणि चुकली तर? मला काहीच माहीत नव्हतं. मी हुशारीने काही ठरवलं असं समजू नकोस. माझ्याच्याने उठवेना, हेही असेल. मला आजही नक्की सांगता येत नाही.

मग तो आवाज थांबला.

वाटलं, चला, गेली. नाही. तिने वेटोळं सोडलं. हळूहळू, घाईच नाही तिला. आणि ती झुडपाकडे न जाता पुढे आली. पुढे म्हणजे आर्वीच्या पायांकडे. पलीकडे दगडांचा ढीग होता, तिकडे निघाली होती बहुतेक, आणि मधे हे दोन पाय.

"ताई," आर्वी म्हणाली. आर्वी कधी बोलायची नाही, सगळ्यात शांत पोर. "माझ्या पायावर काहीतरी येतंय."

प्रज्ञे, मी काय म्हणाले माहितीये?

मी म्हणाले, "पान आहे, बाळा."

"पान?"

"हो. मोठं पान. वारा त्याला ढकलतोय. जाऊ दे त्याला."

"गार आहे."

"सावलीतलं असेल. म्हणून गार."

"जड आहे गं ताई."

"ओलं आहे ना, म्हणून जड." वारा पडला होता. गवताची काडी हलत नव्हती. "आपण कोण आहोत आर्वी?"

"दगड."

"दगडावर पान आलं तर दगड काय करतो?"

तिचे ओठ गच्च मिटलेले होते आणि हनुवटी थरथरत होती, एवढीशी. ती घोणस तिच्या दोन्ही नडग्यांवरून गेली. अर्धं अंग अलीकडे, अर्धं पलीकडे, आणि मधे आर्वीचे उघडे पाय, मोजेसुद्धा नाहीत. मोजे मीच काढायला लावले होते. किती वेळ लागला विचारू नकोस. मावशी म्हणाल्या, चार श्वासांएवढा. मला वाटतं तो अजून संपलेला नाही.

शेपूट उतरलं. गवतात रेघ दिसली, मग दगडांत काहीच दिसेना.

मी घंटा वाजवलीच नाही. म्हटलं, "आज नवीन खेळ. डोळे उघडायचे, पण मांजरासारखं उठायचं. आवाज न करता. आणि मावशींकडे जायचं. एकेक जण." गेली एकेक. समर्थ कुरकुरत होता, "उड्या कधी मारायच्या? ताई चीटिंग करते." आर्वीला मी उचलून घेतलं. रस्त्यावर आल्यावर तिचे पाय पाहिले, वरून, खालून, बोटांच्या बेचक्यांत. काही नाही. धुळीत नुसता एक पट्टा पुसला गेला होता.

मग पोरांना मावशींकडे देऊन मी शाळेच्या कुंपणामागे जाऊन उलटी केली.

मावशी पाणी घेऊन आल्या. मी रडत होते. म्हणाल्या, "तू बसवून ठिवलीस ती. मला जमलं नसतं. मी मारायला गेली असती." मला जरा बरं वाटलं, तोच त्या म्हणाल्या, "पर काठी आपटू दिली असतीस तर बसवून ठिवायची येळच आली नसती."

मी म्हटलं, "मॅडमना सांगू?"

"पोरीला काय झालं न्हाई. कुणी बघितलं न्हाई. आता त्वांड गप ठिव. पोरं भ्याली की घरी सांगत्यात, घरचे शाळंतनं काढत्यात. तुझं जाईल आन माझंबी जाईल."

तेवढ्यात मॅडमचा फोन. "केतकी, सेशन कसं झालं गं? फोटो टाक ना ग्रुपवर!"

टाकला मी. काय करणार? अकरा पोरं, डोळे मिटलेली, मागे पिवळं गवत. खाली मॅडमचा मेसेज, किती शांत चेहरे, आणि पालकांचे अंगठेच अंगठे.

साडेबाराला शाळा सुटली. गेटपाशी स्कूट्यांची गर्दी. मी ठरवूनच टाकलं होतं, गप्प बसायचं. मावशींचं बरोबर होतं. कुणाला काही झालं नव्हतं. एकेक पोर जात होतं, आणि शेवटी आर्वीची आई आली. ती लांबून यायची, त्यांची वस्ती शेतात होती, पार द्राक्षाच्या बागेच्या मागे. स्कूटी चालूच ठेवली तिने. "ताई, फोटो लई भारी आलाय. माझी पोरगी कसली शांत बसलीय! अहो, घरी पण करती की."

"काय करते?"

"हेच की तुमचं, शांत-शांत. संध्याकाळी अंगणात बसती डोळे मिटून. कडब्याच्या गंजीपाशी. मी हाका मारते तर म्हणते, आई, घंटा वाजली नाही."

कडब्याची गंजी. तुला कळतंय का प्रज्ञे? कडब्याच्या गंजीत उंदीर असतात. आणि उंदीर असतात म्हणजे आणखी काय येतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आर्वी स्कूटीवर पुढे उभी राहिली. दोन्ही हातांनी आरसे धरले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ते पानच होतं ना?"

आई हसली. "कसलं पान गं?"

"माझ्या पायावर आलं होतं. ताई म्हणाली पान आहे."

माझ्याकडे बघतेय आर्वी. स्कूटी फडफड करतेय. मागून मावशी गेट ओढायला आल्यात, आणि त्या पण थांबल्यात, माझ्याकडे बघत. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द. स्कूटी गेली असती.

मी म्हटलं, "नाही."

आणि मग मी सांगितलं. सगळं. काठीचं, जागेचं, घोणशीचं. आर्वीच्या आईने स्कूटी बंद केली. पोरीला खाली उतरवलं, रस्त्यातच बसली आणि तिचे पाय हातात घेऊन चाचपायला लागली, मी सकाळी बघितले तसेच. माझ्याकडे वर न बघता म्हणाली, "तुम्ही उचलली का नाही तिला?"

"उचलली असती तर ती हलली असती, आणि—"

"तुम्ही उचलली का नाही?"

तिने आर्वीच्या गुडघ्यावरची पट्टीसुद्धा सोडून बघितली.

"साप अंगावर येतोय आणि तुम्ही तिला पान म्हणून सांगताय? माझी पोरगी आहे ती. दगड नाही."

आर्वी आईच्या खांद्याला धरून उभी होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "मला माहीत होतं पान नाही ते."

"मग डोळे का नाही उघडलेस गं?"

"तू पान म्हणालीस ना."

बस. एवढंच म्हणाली.

त्या गेल्या. मॅडम संध्याकाळी सोलापूरहून आल्या, तोवर ग्रुपवर गोंधळ झाला होता. माझं काम गेलं, ते सोड, जायलाच हवं होतं. मावशींचं राहिलं, मी लिहूनच दिलं होतं की काठी मी थांबवली. आर्वी मात्र परत शाळेत आली नाही. दोन आठवड्यांनी मावशी त्यांच्या वस्तीवर जाऊन आल्या. म्हणाल्या, पोरगी जमिनीला पाय लावत नाही. दिवसभर बाजेवर बसते. अंगणात न्यायची तर उचलूनच न्यावी लागते. रात्री आईच्या मांडीवर पाय ठेवल्याशिवाय झोपत नाही, आणि झोपली तरी मधेच उठून विचारते, काय आहे, माझ्या पायावर काय आहे. आई सांगते, चादर आहे बाळा. तर ती दिवा लावायला लावते.

सहा वर्षं झाली. आता ती अकराची असेल. त्यानंतर तिचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मी तेव्हा 'हो, पानच' म्हटलं असतं ना, तर ती हसत घरी गेली असती. शाळेत आली असती, झोपली असती नीट. आणि संध्याकाळी जाऊन डोळे मिटून बसली असती, त्या गंजीपाशी.

झालं. आता बोल. गेटपाशी उभी आहेस, स्कूटी चालू आहे, पोरगी आरसे धरून तुझ्याकडे बघतेय. तू काय सांगितलं असतंस?